अ‍ॅपोर्ट-सीएलआय आणि परवानग्यांची भानगड: क्रॅश रिपोर्ट नेमका कोणाचा?

उबुंटूच्या मशीनवर एखादा प्रोग्राम कोसळतो. /व्हार/क्रॅश या फोल्डरमध्ये त्याची फाइल पडलेली डोळ्यांना दिसत असते. तरीही अ‍ॅपोर्ट-सीएलआय (क्रॅश रिपोर्ट पाहायचं आणि पाठवायचं उबुंटूचं टूल) चालवलं की टूल कोरडेपणाने सांगतं, पाठवायचा एकही रिपोर्ट बाकी नाही. बहुतेक नवखे लोक इथेच अडकतात. कोणी सांगतं सुडो लाव (म्हणजे रूट या सर्वाधिकारी यूजरच्या हक्काने चालव), कोणी सांगतं सीएचमॉड ७७७ मार (म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या दे). काम एकदाचं होतं, पण का झालं ते कळत नाही, आणि पुढच्या क्रॅशला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझं म्हणणं एवढंच आहे की टूलशी भांडण्याआधी फाइलचा मालक शोधा. कोसळलेली प्रोसेस ज्याच्या नावावर चालत होती त्याच्या नावावर रिपोर्ट होतो, आणि टूल तुम्हाला फक्त तुमचेच रिपोर्ट दाखवतं. ही रचना मुद्दाम केलेली आहे. ती लक्षात आली की सुडो कुठे लागतो आणि कुठे लावू नये, ते आपोआप कळायला लागतं.

एक सूचना: इथे कमांड आणि पाथ देवनागरीत लिहिले आहेत, टर्मिनलवर ते नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायचे. जिथे स्मॉल-कॅपिटलचा फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

हाताशी काय हवं

- त्या मशीनवर तुमचं स्वतःचं अकाउंट, आणि सुडोचा हक्क. तो नसेल तर ज्याच्याकडे आहे अशी व्यक्ती.
- कोसळलेल्या प्रोग्रामचा पूर्ण पाथ, आणि तो कोणत्या पॅकेजमधून आला त्याचं नाव. डीपीकेजी कमांडला स्मॉल-कॅपिटलपैकी कॅपिटल एसचा पर्याय आणि पाथ दिला की पॅकेज कळतं.
- रिपोर्ट बग म्हणून नोंदवायचा असेल तर लाँचपॅड या उबुंटूचे बग नोंदवायच्या साइटवरचं अकाउंट.
- डिस्कवर बऱ्यापैकी मोकळी जागा. क्रॅश फाइलमध्ये कोअर डंप (कोसळतानाच्या मेमरीची प्रत) दाबून भरलेला असतो, तो उलगडला की आकार चांगलाच फुगतो.

१. आधी ओळख पटवा

दोन कमांड चालवा. पहिली आयडी. ती तुमचा यूजर नंबर आणि तुम्ही कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहात ते दाखवते. दुसरी:

एलएस -एल /व्हार/क्रॅश

आता फाइलचं नाव नीट वाचा. समजा ते असं आहे: _यूएसआर_एसबिन_एनजिनएक्स.३३.क्रॅश. प्रोग्रामच्या पाथमधल्या तिरक्या रेघांच्या जागी अंडरस्कोअर आले आहेत, म्हणजे कोसळलेली फाइल /यूएसआर/एसबिन/एनजिनएक्स. मधला ३३ हा यूजर नंबर. उबुंटूवर ३३ म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरची मुख्य प्रोसेस रूटच्या नावाने चालते, पण प्रत्यक्ष काम करणाऱ्या वर्कर प्रोसेस डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावाने चालतात. म्हणजे नुसत्या नावावरून कळलं की वर्कर पडला, मुख्य प्रोसेस नव्हे. सर्व्हर दुरुस्त करणाऱ्याला ही माहिती फुकटात मिळते.

नंबर ओळखीचा नसेल तर गेटएन्ट पासडब्ल्यूडी आणि पुढे तो नंबर द्या, नाव समोर येतं. शून्य म्हणजे रूट. १००० म्हणजे बहुधा मशीनवर तयार केलेला पहिला माणूस, बरेचदा तुम्हीच. त्याखालचे नंबर सिस्टमच्या सेवांचे.

परवानगीचा रकानाही पाहा. तो अक्षरांत दिसतो, आकड्यांत सामान्यतः ६४० असतो: मालक वाचतो-लिहितो, ग्रुप फक्त वाचतो, बाकीच्यांना काही नाही. ग्रुपच्या जागी बऱ्याच मशीनवर व्हूप्सी हे नाव दिसेल, त्याचं काम पुढे येईल. नावातला नंबर आणि मालकाचा रकाना यांचा मेळ बसत नसेल तर विश्वास मालकाच्या रकान्यावर ठेवा. सेटयूआयडी प्रोग्राम, म्हणजे साध्या यूजरने चालवला तरी रूटच्या अधिकाराने धावणारा प्रोग्राम, कोसळला तर त्याचा रिपोर्ट रूटच्या ताब्यात जातो. तुम्ही चालवलात म्हणून तो तुमचा होत नाही.

२. "काही बाकी नाही" याचा अर्थ एकच नसतो

पर्यायाशिवाय अ‍ॅपोर्ट-सीएलआय चालवलं की ते फोल्डर चाळतं आणि ठरवतं की तुम्हाला काय दाखवायचं. रिपोर्ट यादीतून गळण्याची तीन कारणं असतात.

फाइल तुमची नसेल, तर ती गळते. हे उघड आहे.

फाइल रिकामी असेल, शून्य बाइटची, तरी गळते. डिस्क भरलेली असताना असं होऊ शकतं, म्हणून डीएफ चालवून जागा तपासा.

तिसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही. फाइल शेवटची वाचल्याची वेळ ती शेवटची बदलल्याच्या वेळेपेक्षा नंतरची असेल, तर टूल समजतं की तुम्ही ती पाहिलेली आहे, आणि पाहिलेला रिपोर्ट ते पुन्हा पुढे करत नाही. नुसतं कुतूहल म्हणून त्या फाइलवर ग्रेप मारलंत किंवा लेसमध्ये उघडलीत, तरी वाचल्याची वेळ पुढे सरकते आणि रिपोर्ट यादीतून नाहीसा होतो. माणूस मात्र परवानगीचा दोष समजून तासभर ग्रुप उलटेपालटे करत बसतो. इथे परवानगीचा काही संबंध नाही.

उपाय सोपा आहे. टूलला शोधायला लावू नका, फाइल हातात द्या:

अ‍ॅपोर्ट-सीएलआय -सी /व्हार/क्रॅश/फाइलचं-नाव

इथे सी स्मॉल आहे. फाइल तुम्हाला वाचता येत असेल तर ती उघडते, पाहिलेली असो वा नसो. आता मात्र परवानगी नाकारल्याचा संदेश आला, तर अडचण खरंच परवानगीची आहे. मी तर पर्यायाशिवाय टूल चालवतच नाही. थेट फाइल दिली की संदेशही थेट मिळतो.

३. लॉग वाचा, त्यासाठी ग्रुप हवा

फोल्डरमध्ये फाइलच नसेल तर /व्हार/लॉग/अ‍ॅपोर्ट.लॉग पाहा. हा लॉग रूट आणि एडीएम ग्रुपला वाचता येतो. तुम्ही एडीएममध्ये नसाल तर परवानगी नाही असं उत्तर येईल. एकदाच वाचायचा असेल तर सुडो लावून वाचा. रोज लागत असेल तर ग्रुपमध्ये स्वतःला घाला:

सुडो यूजरमॉड -एजी एडीएम तुमचं-नाव

इथे ए स्मॉल आणि जी कॅपिटल. ही कमांड घाईत टाइप करू नका. ए विसरलात आणि फक्त कॅपिटल जी दिलात, तर तुमचे बाकी सगळे जोडग्रुप पुसले जातात आणि फक्त एडीएम उरतो. पुसलेल्यांत सुडो हा ग्रुपही असतो. म्हणजे पुढच्या लॉगिननंतर तुमच्याच मशीनवर तुम्ही सुडोला मुकता. ए विसरलात आणि जीही स्मॉल पडला तर तुमचा मुख्य ग्रुपच बदलतो, ती आणखी वेगळी डोकेदुखी. कमांड दिल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा, चालू सेशनला नवा ग्रुप कळत नाही. "ग्रुपमध्ये घातलं तरी चालत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्याचीच असते.

लॉगमध्ये प्रत्येक क्रॅशसाठी प्रोसेस नंबर आणि सिग्नल दिसतो. सिग्नल ११ म्हणजे मेमरीत नको तिथे हात घातला, ६ म्हणजे प्रोग्रामने स्वतःच गाशा गुंडाळला. पुढच्या ओळीत निकाल असतो. एक्झिक्युटेबल कोणत्याही पॅकेजचा नाही म्हणून दुर्लक्ष केलं, असं लिहिलं असेल तर तो तुम्ही स्वतः कंपाइल केलेला प्रोग्राम असणार. अशांचे रिपोर्ट अ‍ॅपोर्ट सहसा घेत नाही, आणि सुडोने त्यात काही फरक पडत नाही.

लॉगमध्ये त्या वेळची एकही नोंद नसेल तर अ‍ॅपोर्टला बोलावलंच गेलं नाही. कॅट /प्रॉक/सिस/कर्नल/कोअर_पॅटर्न असं पाहा. ओळीची सुरुवात उभ्या रेघेने आणि पुढे अ‍ॅपोर्टच्या पाथने होत असेल तर कर्नल क्रॅश अ‍ॅपोर्टकडे देतो आहे. दुसरंच काही असेल तर /ईटीसी/डिफॉल्ट/अ‍ॅपोर्ट मध्ये एनेबल्डपुढे १ आहे की ० ते तपासा.

४. रूटचा रिपोर्ट असेल तर

सरळ मार्ग असा:

सुडो अ‍ॅपोर्ट-सीएलआय -सी /व्हार/क्रॅश/फाइलचं-नाव

टूल काही अक्षरं पुढे ठेवतं: एस म्हणजे पाठवा, व्ही म्हणजे पाहा, के म्हणजे फाइल नंतरसाठी ठेवा, आय म्हणजे या आवृत्तीचे पुढचे क्रॅश दुर्लक्षित करा, सी म्हणजे रद्द. नवख्याने आय दाबू नये. पुढच्या वेळी रिपोर्ट का येत नाही म्हणून पुन्हा परवानग्या चाळत बसाल.

सुडोखाली व्ही दाबताना मात्र थांबा. रिपोर्ट पाहायला टूल पेजर (मजकूर पानापानाने दाखवणारा प्रोग्राम) उघडतं, आणि तो पेजर लेस असेल तर उद्गारचिन्ह टाइप करून त्यातून शेल, म्हणजे कमांड द्यायची जागा, उघडता येतो. सुडोखाली तो शेल रूटचा. २०२३ साली सीव्हीई या सुरक्षा त्रुटींच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०२३-१३२६ या क्रमांकाने हीच त्रुटी नोंदली गेली, अ‍ॅपोर्ट-सीएलआयच्या २.२६.० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना ती लागू होती. सेवा हाताळणाऱ्या सिस्टमसीटीएल या टूलच्या बाबतीतही त्याच वर्षी अगदी अशीच त्रुटी नोंदली गेली. ज्याला तसाही पूर्ण सुडो आहे त्याचं यात काही बिघडत नाही. धोका असतो तो अ‍ॅडमिनने सुडोअर्स फाइलमध्ये ओळ घालून साध्या यूजरला फक्त अ‍ॅपोर्ट-सीएलआयपुरता सुडो दिलेला असतो तेव्हा. दिसायला अगदी निरुपद्रवी सवलत, पण जुन्या आवृत्तीवर ती पूर्ण रूटची किल्ली ठरते. अशी ओळ कोणी मागितली तर देऊ नका.

मला पसंत असलेला मार्ग वेगळा आहे. रिपोर्टची प्रत स्वतःच्या नावावर काढायची आणि पुढचं सगळं सुडोशिवाय करायचं:

सुडो इन्स्टॉल -ओ तुमचं-नाव -जी तुमचा-ग्रुप -एम ६०० /व्हार/क्रॅश/फाइलचं-नाव ~/

सगळे पर्याय स्मॉल अक्षरांत. इन्स्टॉल ही साधी कॉपी करणारीच कमांड आहे, पण मालक आणि परवानगी ती त्याच फटक्यात लावते. आधी सीपी, मग सीएचओन, मग सीएचमॉड असं तीन पायऱ्यांत केलंत तर मधल्या क्षणी फाइल भलत्याच परवानगीने पडून राहू शकते. प्रत झाली की:

अ‍ॅपोर्ट-सीएलआय -सी ~/फाइलचं-नाव

आता व्ही बिनधास्त दाबा. आत काय आहे ते सुटं करून पाहायचं असेल तर अ‍ॅपोर्ट-अनपॅकला फाइल आणि एका रिकाम्या फोल्डरचं नाव द्या. प्रत्येक रकान्याची वेगळी फाइल होते, कोअर डंपही त्यात सापडतो आणि जीडीबी या डीबगरला देता येतो.

लाँचपॅडवर जायची वेळ आली की टूल ब्राउझर उघडू का विचारतं. सर्व्हरवर ब्राउझर नसतोच, आणि असला तरी रूटच्या नावाने उघडायचा नाही. टूल पत्ता छापतं, तो कॉपी करून तुमच्या नेहमीच्या मशीनवरच्या ब्राउझरमध्ये उघडा. त्यात काही बिघडत नाही.

५. सीएचमॉड ७७७ कशाला नको

क्रॅश फाइल म्हणजे नुसता लॉग नव्हे. प्रोग्राम कोसळला त्या क्षणी त्याच्या मेमरीत जे होतं ते सगळं तिच्यात असतं: पासवर्ड, टोकन, खासगी किल्ल्या, ग्राहकाची माहिती. ती सगळ्यांना वाचायला खुली करणं म्हणजे घराची तिजोरी ओट्यावर आणून ठेवणं.

हे कागदी भय नाही. २०२५ साली क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी अ‍ॅपोर्टमध्ये सीव्हीई-२०२५-५०५४ आणि तसंच काम करणाऱ्या सिस्टमडी-कोअरडंपमध्ये सीव्हीई-२०२५-४५९८ अशा दोन त्रुटी उघड केल्या. दोन्हींचं मूळ शर्यतीत होतं: सेटयूआयडी प्रोसेस पाडायची आणि क्रॅश हाताळणाऱ्या टूलने तिची चौकशी पुरी करण्याआधी त्याच प्रोसेस नंबरावर दुसरी प्रोसेस आणून बसवायची, म्हणजे विशेष अधिकाराच्या प्रोसेसचा डंप साध्या यूजरच्या हाती पडू शकतो. पासवर्ड तपासणाऱ्या युनिक्स_सीएचकेपीडब्ल्यूडीच्या डंपमधून शॅडो फाइलमधले पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) निघू शकतात, हे त्यांनी दाखवलं. परवानग्यांबद्दल अ‍ॅपोर्ट एवढं काटेकोर का असतं, ते यावरून कळावं. अपडेट लावलेले असू द्या.

फोल्डरचीही एक गंमत आहे. /व्हार/क्रॅशच्या परवानगीच्या शेवटी टी हे अक्षर असलं पाहिजे. हा स्टिकी बिट. त्यामुळे फोल्डरमध्ये कोणीही फाइल टाकू शकतो, पण दुसऱ्याची फाइल काढू शकत नाही. कोणी आधीच सीएचमॉड ७७७ मारलं असेल तर हा बिट गेलेला असतो. सुडो सीएचमॉड १७७७ /व्हार/क्रॅश ने तो परत येतो. फोल्डरचा ग्रुप व्हूप्सी असेल तर ३७७७ द्या, म्हणजे नव्या फाइलला तोच ग्रुप लागतो.

६. पाठवला, पण गेला का?

उबुंटूच्या स्थिर आवृत्त्यांवर क्रॅश सहसा लाँचपॅडवर बग होऊन जात नाही. एस दाबलं की रिपोर्टशेजारी त्याच नावाची पण .अपलोड शेवट असलेली छोटी फाइल तयार होते, आणि व्हूप्सी नावाची सेवा ती बघून रिपोर्ट उबुंटूच्या एरर ट्रॅकरकडे पाठवते. काम झालं की .अपलोडेड अशी फाइल दिसते. .अपलोड आहे पण .अपलोडेड कधीच येत नाही, म्हणजे एक तर व्हूप्सी त्या मशीनवर नाही किंवा तिला रिपोर्ट वाचता येत नाही.

सावध माणसं इथे फसतात. फाइलमध्ये गुप्त माहिती असते म्हणून मूळ रिपोर्टची परवानगी ६०० करतात, ग्रुपचं वाचणं बंद होतं आणि व्हूप्सी बाहेर राहते. घरच्या फोल्डरातली प्रत ६०० ठेवा, /व्हार/क्रॅशमधल्या मूळ फाइलला हात लावू नका. व्हूप्सी त्याच फोल्डरवर नजर ठेवते, तुमच्या प्रतीशेजारी पडलेल्या .अपलोडकडे ती पाहणार नाही.

७. परवानगी मशीनची नसते तेव्हा

अ‍ॅपोर्ट-कलेक्टला बगचा नंबर दिला की ते तुमच्या मशीनची माहिती त्या बगला जोडतं. तुम्ही बग नोंदवणारे किंवा त्याचे सदस्य नसाल, बग बंद झालेला असेल किंवा दुसऱ्या बगची नक्कल ठरला असेल, तर टूल नकार देतं. सुडो लावून हा नकार हटत नाही, कारण तो लाँचपॅडवरच्या तुमच्या भूमिकेशी बांधलेला आहे. नवीन बग नोंदवा आणि जुन्याचा नंबर त्यात लिहा.

काही पॅकेजांना रिपोर्टसाठी रूटच वाचू शकेल असे लॉग लागतात, तेव्हा टूल मध्येच पासवर्ड मागतं. एसएसएचवरून काम करताना ही मागणी कधी कधी फसते आणि अधिकार नसल्याचा संदेश येतो. रिपोर्ट तरी तयार होतो, फक्त तेवढे लॉग त्यात नसतात. ते हाताने जोडा, पण आधी वाचून काढा.

कंटेनरमधल्या क्रॅशचं गणित निराळं. कोअर पॅटर्न सबंध मशीनसाठी एकच असल्याने क्रॅश होस्टच्या, म्हणजे कंटेनर ज्या मशीनवर चालतो तिच्या, अ‍ॅपोर्टकडे जातो, आणि कंटेनरमध्ये अ‍ॅपोर्टची सोय नसेल तर होस्टच्या लॉगमध्ये तशी नोंद होऊन विषय संपतो. कंटेनरच्या आत परवानग्या शोधत बसू नका, होस्टचा लॉग पाहा.

८. अ‍ॅपोर्टऐवजी कोअरडंपसीटीएल असेल तर

लिनक्सच्या बऱ्याच डिस्ट्रोवर क्रॅश सिस्टमडी-कोअरडंपकडे जातात, आणि ते पाहायचं टूल म्हणजे कोअरडंपसीटीएल. तिथेही मालकाचाच नियम, फक्त दोन थरांत. कोअरडंपसीटीएल लिस्ट चालवल्यावर इतरांच्या आणि सिस्टमच्या नोंदी तुम्हाला दिसत नाहीयेत अशी सूचना आली, तर एडीएम किंवा सिस्टमडी-जर्नल ग्रुप लागेल. ग्रुप मिळाला की यादी दिसते, पण डंप मिळेलच असं नाही. यादीतला कोअरफाइल हा रकाना पाहा. तिथे प्रेझेंट असेल तर फाइल आहे आणि तुम्हाला वाचता येते. मिसिंग म्हणजे ती पुसली गेली. इनॅक्सेसिबल म्हणजे फाइल आहे पण तुमची नाही, कारण जर्नलचा ग्रुप नोंद वाचू देतो, डंप वाचू देत नाही. त्यासाठी ज्या यूजरची प्रोसेस होती तो यूजर किंवा रूटच हवा. अ‍ॅपोर्ट हे एवढ्या स्पष्टपणे सांगत नाही, याबाबतीत कोअरडंपसीटीएल उजवं.

९. आवरताना

काम झालं की घरच्या फोल्डरातली प्रत पुसा, उलगडलेलं फोल्डरही. /व्हार/क्रॅशमधली मूळ फाइल तिचा मालक किंवा रूटच काढू शकतो. ती काढताना .अपलोड आणि .अपलोडेड या जोडफाइलीही काढा. आपोआप सफाई करणारं रोजचं काम आठवड्यापेक्षा जुने रिपोर्ट उडवतं, पण तोच प्रोग्राम पुन्हा पाडून पाहायचा असेल तर तेवढं थांबू नका. जुना रिपोर्ट न पाहिलेला तसाच पडून असेल, तर डिस्क भरू नये म्हणून अ‍ॅपोर्ट त्याच नावाचा नवा रिपोर्ट लिहीत नाही, फक्त लॉगमध्ये तसं नोंदवतं. मग तुम्ही दुरुस्तीनंतरचा क्रॅश समजून जुनीच फाइल वाचत बसता.